आठ माणसे, एक तिकीट आणि पोकिप्सीची वाट

आपल्या बेटावरच्या पुष्कळ घरांतले कोणी ना कोणी आता अमेरिकेत किंवा कॅनडात जाऊन राहिले आहे. शाळेच्या सुटीत त्यांच्याकडे जायचा बेत ठरला की विमानाच्या भाड्याची चौकशी सगळेच करतात. पण तिथे उतरल्यावर चार ठिकाणी फिरायचे म्हटले तर किती लागेल, हा हिशेब कोणी मांडत नाही. मग होते काय, की इतक्या लांब जाऊन मंडळी नातेवाइकांच्या दिवाणखान्यात बसून परत येतात. आमचेही तसेच होणार होते. ते कसे टळले, एवढेच आज सांगायचे आहे.

२०१९ सालच्या आपल्या हिवाळी सुटीत, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, मी, माझी चौदा वर्षांची मुलगी आणि माझी आई अशा तिघी न्यूयॉर्कला गेलो होतो. माझा चुलतभाऊ तिथे क्वीन्स भागात जॅक्सन हाइट्स या वस्तीत राहतो. आम्ही त्याला दादा म्हणतो. तो शिकायला पुण्यास गेला, तिथेच त्याचे लग्न झाले, आणि पुढे नोकरीनिमित्त दोघे अमेरिकेत गेले. त्यांना दोन मुले, एक नऊ वर्षांचा व एक सहा वर्षांची. घरात मोटार नाही. जॅक्सन हाइट्सला ती लागतही नाही. खाली उतरले की भुयारी रेल्वे आणि कोपऱ्यावर भारतीय वाण्याची दुकाने.

आईचे वय तेव्हा बहात्तर. ती मराठी शिकली ती गावच्या बैठकेत, संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात. तिला शिकवणाऱ्या गुरुजींनी आनंदीबाई जोशी यांची गोष्ट सांगितली होती, ती तिने पुढे मला सांगितली, आणि मी गेली वीस वर्षे माझ्या वर्गातल्या मुलांना सांगत आले आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत ‘आनंदी गोपाळ’ हा चित्रपट आला होता आणि त्याची चर्चा आपल्याकडेही झाली. त्यामुळे जाण्याआधीच आईने विचारले होते, “आनंदीबाईंच्या अस्थी अमेरिकेत आहेत ना? मग जवळ असतील तर जाऊ या.”

जवळ म्हणजे किती, ते आम्हाला तिथे गेल्यावर कळले. न्यूयॉर्कच्या उत्तरेस हडसन नदीच्या काठाने सुमारे पाऊणशे मैलांवर पोकिप्सी नावाचे शहर आहे. (इंग्रजी स्पेलिंग पाहून आईने ते तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी वाचले. त्यातली एकही बरोबर नव्हती.) तिथल्या दफनभूमीत ती जागा आहे. मेट्रो-नॉर्थ या रेल्वेची हडसन लाइन ग्रँड सेंट्रल स्थानकापासून निघते आणि पोकिप्सीलाच संपते. जायला पावणेदोन ते दोन तास लागतात.

भाडे पाहिले तेव्हा मात्र आमचे चेहरे उतरले. एका माणसाचे एका बाजूचे १९ डॉलरांच्या थोडे वर. आम्ही तिघी, दादा, वहिनी, दोन मुले, असे सात जण. जाऊन येऊन २७० डॉलर. डॉलरचा भाव तेव्हा आपल्या ३६ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे जवळजवळ दहा हजार रुपये! मी शिक्षिका आहे, वाचक हो, माझ्या पगारात ती रक्कम लहान नाही. आणि दादाने भरावे असेही मला वाटत नव्हते, कारण तीन माणसांचा पाहुणचार तो आधीच करत होता. आईने दोन क्षण विचार केला आणि म्हणाली, “तुम्ही दोघे बहीण-भाऊ जाऊन या. माझ्यासाठी फोटो आणा.”

ज्या बाईने ती गोष्ट घरात आणली तिलाच घरी ठेवून फोटो आणायचा! रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाई चहाला आल्या. त्या मूळच्या सांगलीच्या, सहा वर्षांपासून तिथे एकट्या राहून हिशेबाच्या कामाची नोकरी करत होत्या. आमचे बोलणे ऐकून त्यांनी पहिला प्रश्न केला, “सगळ्यांचे पूर्ण भाडे कोणी सांगितले तुम्हाला?” मग कागद-पेन्सिल मागवले. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे, त्यावरूनच पुढचे लिहिते.

त्यांनी आधी समजावले ते हे, की शनिवार-रविवारी भाडे मुळातच कमी असते. ही गाडी चालते ती मुख्यतः कचेरीत जाणाऱ्या लोकांच्या जिवावर. आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी ग्रँड सेंट्रलला पोचणाऱ्या आणि संध्याकाळी चार ते आठच्या दरम्यान तिथून सुटणाऱ्या गाड्यांना गर्दीच्या वेळचे चढे भाडे. शनिवार-रविवारी ती गर्दी नसते, पण डबे, रूळ आणि नोकरचाकर तर तेच असतात. रिकामा डबा ओढून नेण्यापेक्षा त्यात कुटुंबे बसवलेली रेल्वेला परवडतात. म्हणून दोन्ही दिवस, कोणत्याही वेळी, कमी भाडे. आम्ही पाहिलेले १९ डॉलर हे ते कमी भाडेच होते. त्याच्याहीपुढे जाऊन काय करता येते ते बाईंनी मांडले.

दोन्ही मुलांचे काय? पाच ते अकरा वर्षांची मुले मोठ्या माणसाबरोबर असली तर कुटुंबाच्या सवलतीने प्रत्येकी एका बाजूला फक्त १ डॉलर. एका मोठ्या माणसामागे अशी चार मुले चालतात. पाच वर्षांखालचे फुकट. माझी मुलगी चौदाची, ती या नियमाने मोठीच झाली. (हे ऐकून तिला झालेला आनंद फार टिकला नाही, कारण मग तिच्याकडे पिशव्या उचलायचे काम आले.)

आईचे काय? पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्यांना शनिवार-रविवारी गर्दीच्या वेळच्या भाड्याच्या निम्मे, म्हणजे तेव्हा १३ डॉलरांच्या आत. वयाचा सरकारी पुरावा जवळ असला की झाले. आपल्याकडे २००५ सालापासून वृद्धांना बस फुकट आहे, त्यामुळे आईला हे निम्मे भाडेही जास्तच वाटले, पण १९ पेक्षा ते बरे.

राहिलो आम्ही चौघे पूर्ण भाड्याचे: मी, मुलगी, दादा, वहिनी. इथे बाईंनी खरी युक्ती सांगितली. त्या काळी मेट्रो-नॉर्थचे दहा फेऱ्यांचे एक तिकीट मिळे. सुट्या तिकिटांपेक्षा ते १५ टक्के स्वस्त. घेत ते एकाच माणसाच्या वारंवार प्रवासासाठी, पण एकाच वेळी अनेक जणांनी ते वापरायलाही मुभा होती. कंडक्टर येतो, किती माणसे ते विचारतो आणि तितकी भोके पाडतो.

दादा लगेच म्हणाला, “मग घेऊन टाकू या!” बाई म्हणाल्या, “थांबा, आधी मोजा.” चौघे जाऊन-येऊन आठ फेऱ्या. त्यांची सुटी तिकिटे १५४ डॉलरांची. दहा फेऱ्यांचे तिकीट १६४ डॉलरांच्या जवळपास. म्हणजे चौघांसाठी ते घेतले तर दहा डॉलर जास्तच जातात आणि दोन फेऱ्या शिल्लक राहतात, ज्या आम्हा मॉरिशसच्या लोकांना काही कामाच्या नाहीत. पाचवा माणूस मिळाला तर मात्र दहाच्या दहा फेऱ्या कामी येतात, आणि १९२ डॉलरांचा प्रवास १६४ मध्ये होतो. मी मुलांना टक्केवारी शिकवते, पण सवलत असूनही वस्तू महाग पडते याचे इतके चांगले उदाहरण मला पाठ्यपुस्तकात कधी सापडले नव्हते.

“पाचवा कोण?” वहिनींनी विचारले.

बाई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, “मी येऊ का? सहा वर्षे झाली, पोकिप्सीला जायचे मनात आहे. एकटीने जायला पाय निघाला नाही.”

असा आमचा आठांचा जथा ठरला. एक दहा फेऱ्यांचे तिकीट, आईची दोन निम्मी, मुलांचे चार डॉलर. सगळे मिळून १९५ डॉलरांच्या आत. खिडकीवर न विचारता आठही जणांची पूर्ण तिकिटे घेतली असती तर ३०० च्या वर गेले असते. आई आली, बाई आल्या, आणि तरीही सात जणांच्या पहिल्या अंदाजापेक्षा खर्च ७५ डॉलरांनी कमी झाला.

यात अडचण एकच, आणि ती आधी कळलेली बरी. पाच जणांचे तिकीट एकच कागद असतो. तो ज्याच्या खिशात, त्याच्या मागे सगळ्यांना राहावे लागते. कोणाला मागे रेंगाळायचे असेल किंवा लवकर परतायचे असेल तर ते जमत नाही. दुसरे, तिकीट गाडीत चढण्यापूर्वीच घ्यावे. स्थानकावर खिडकी किंवा यंत्र चालू असताना डब्यात कंडक्टरकडून घेतले तर तेव्हा माणशी सहा डॉलरांच्या आसपास जादा पडत. एवढी बचत करून शेवटी घाईत ती तिथेच घालवणारे लोक मी पाहिले.

शनिवारी सकाळी निघालो. वहिनींनी थालीपिठे केली होती, आईने आपली दालपुरी. गाडीत खायला मनाई नाही, म्हणजे उपाहारगृहाचा खर्चही वाचला. उत्तरेकडे जाताना डावीकडच्या खिडक्या धराव्यात, कारण बहुतेक सगळा रस्ता नदी त्याच बाजूला असते, आणि तीही इतकी जवळ की रूळ पाण्यावरच टाकले आहेत की काय असे वाटावे. टॅरीटाउनला नदी समुद्रासारखी रुंद होते. पीकस्किलच्या पुढे दोन्हीकडून डोंगर जवळ येतात. गॅरिसन स्थानकासमोर पलीकडच्या काठावर वेस्ट पॉइंटची लष्करी विद्यालयाची दगडी इमारत दिसते.

आई खिडकीशी गप्प बसली होती. आपल्या बेटावरची प्रवासी रेल्वे १९५६ साली बंद झाली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. क्युरपिपहून पोर्ट लुईला वडिलांबरोबर ती एकदा आगगाडीने गेली होती. त्यानंतर इतक्या वर्षांनी ही दुसरी आगगाडी. (आपली मेट्रो एक्सप्रेस प्रवाशांसाठी नियमित सुरू झाली ती २०२० च्या जानेवारीत, आम्ही परत आल्यानंतर.) कंडक्टर आला, त्याने दादाच्या हातातल्या तिकिटाला कटकट पाच भोके पाडली. आईने विचारले, “वडिलांच्या वेळीसुद्धा असेच भोक पाडत. यांनी अजून ते सोडले नाही?”

पोकिप्सीला उतरून दोन टॅक्सी केल्या. दफनभूमी स्थानकापासून दक्षिणेला दीड-दोन मैलांवर, नदीच्या वरच्या उतारावर आहे. जागा मोठी आहे आणि शनिवारी कचेरी उघडी असेलच असे नाही, म्हणून आम्ही आदल्या दिवशी फोन करून कार्पेंटर कुटुंबाची जागा कुठे ते विचारून घेतले होते. तसे न करता गेलात तर हिरवळीवर निम्मा दिवस जाईल.

आनंदीबाईंची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे, पण तिच्यातली पैशाची बाजू सहसा सांगितली जात नाही. त्यांचा जन्म १८६५ चा. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला. पत्नीला वैद्यकीय शिक्षण द्यायचे म्हणून त्यांनी १८८० साली एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. ते त्याच्या मासिकात छापले गेले, आणि न्यू जर्सीत रोझेल गावी राहणाऱ्या थिओडोशिया कार्पेंटर बाईंनी ते दंतवैद्याच्या दवाखान्यात आपली पाळी येईपर्यंत बसल्या बसल्या वाचले. ओळख ना पाळख, पण त्यांनी पत्र टाकले आणि घरी या म्हणून कळवले. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. नवरा सोबत नव्हता, कारण दोघांच्या भाड्याइतके पैसेच नव्हते. अंगावरचे सोने विकून आणि लोकांनी दिलेली मदत जमवून एकीचे भाडे झाले. ४ जून १८८३ रोजी अठरा वर्षांची ही मुलगी न्यूयॉर्कला उतरली तेव्हा धक्क्यावर कार्पेंटरबाई उभ्या होत्या. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाने शिष्यवृत्ती दिली, आणि ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली होती. पण क्षयाने शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या वारल्या, बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. गोपाळरावांनी अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. त्यांनी त्या आपल्या कुटुंबाच्या जागेत, आपल्याच माणसांबरोबर ठेवल्या.

तो दगड फार मोठा नाही. कार्पेंटर मंडळींच्या दगडांत तो त्यांच्यातलाच एक म्हणून उभा आहे. त्यावर आनंदीबाई जोशी, एम.डी. असे नाव आणि शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाचा मजकूर इंग्रजीत कोरलेला आहे. आईला इंग्रजी फारसे येत नाही. तिने बोटाने एकेक अक्षर चाचपत नाव लावले. मग पिशवीतून हळदी-कुंकवाची लहान डबी काढली, दगडाला लावायला हात पुढे केला आणि थांबली. मला म्हणाली, “लावू का? दुसऱ्यांची जागा आहे.” मी काय सांगणार! सांगलीच्या बाई खाली वाकल्या, दगडाच्या पायाशी मातीत बोटाने एक ठिपका केला आणि म्हणाल्या, “इथे लावा, काकी. मातीला कोण नको म्हणतो?” तसे केले. सहा वर्षांच्या भाचीने विचारले, “आजी, ही कोण आपली?” त्या लहानग्या प्रश्नाला दादाने आणि वहिनींनी दोन वेगवेगळी उत्तरे दिली. आईने काहीच दिले नाही.

परतताना वेळ होता. स्थानकाजवळच नदीवर जुना रेल्वेपूल आहे. १८८९ साली तो वाहतुकीला खुला झाला, १९७४ मध्ये आगीत जळाला आणि कित्येक वर्षे तसाच पडून होता. २००९ पासून तो पायी चालणाऱ्यांसाठी खुला केला आहे. लांबी सव्वा मैलाहून थोडी जास्त, पाण्यापासून उंची २१२ फूट, आणि प्रवेशाला पैसे नाहीत. काठावरून वर जायला लिफ्ट आहे, त्यामुळे आईलाही जाता आले. इथेच त्या एका तिकिटाची अडचण आली. माझ्या मुलीला आणि वहिनींना पलीकडच्या टोकापर्यंत जाऊन यायचे होते, दादाला चारची गाडी पकडायची होती. तिकीट दादाच्या खिशात. शेवटी दादा हरला आणि सगळेच पुढच्या गाडीने निघालो.

आता इतर शहरांविषयी थोडे, कारण सगळ्यांचे नातेवाईक न्यूयॉर्कला नाहीत. न्यू जर्सीच्या रेल्वेत आम्ही गेलो तेव्हा शनिवार-रविवारी एका भाडे भरणाऱ्या प्रवाशामागे अकरा वर्षांपर्यंतची दोन मुले फुकट येत. शिकागोच्या मेट्रा रेल्वेचे १० डॉलरांचे शनिवार-रविवारचे तिकीट होते, त्यावर दोन्ही दिवस हवे तितके फिरावे. बॉस्टनच्या उपनगरी रेल्वेनेही २०१८ साली तसेच १० डॉलरांचे तिकीट काढले. लांब पल्ल्याच्या ॲमट्रॅकवर दोन ते बारा वर्षांच्या मुलांना मोठ्या माणसाबरोबर निम्मे भाडे असते, मात्र तिथे जागा भरत जातील तसा दर चढतो, म्हणून आधी काढलेले बरे. ॲमट्रॅकही पोकिप्सीला थांबते. चुकून तिच्या तिकिटाच्या मागे लागू नका, ते बहुधा महाग पडते.

या बाबतीत जर्मनी अमेरिकेच्या पुढे होती असे म्हणावे लागेल. तिथे १९९५ साली ‘सुंदर शनिवार-रविवार’ अशा नावाचे एक तिकीट निघाले. १५ मार्क, पाच माणसे, देशभरच्या साध्या गाड्या. त्यामुळे तिथल्या स्थानकांवर चार जणांना पाचवा आणि एकट्याला चौघे शोधणे हा रिवाजच होऊन गेला होता. ते तिकीट नेमके २०१९ च्या उन्हाळ्यात बंद झाले, आम्ही आमच्या पाचव्या माणसासह पोकिप्सीला गेलो तेव्हाच.

वर लिहिलेले न्यूयॉर्कचे दर आणि नियम त्या वर्षाचे आहेत. भाडी त्यानंतर वाढली आणि तिकिटांचे प्रकारही बदलले. म्हणून जाणाऱ्यांनी खिडकीवर तीन गोष्टी विचाराव्यात: मुलांचे वय कुठपर्यंत चालते, वृद्धांना काय, आणि अनेकांनी मिळून घेण्याजोगे तिकीट कोणते. विचारायला संकोच करू नये. आम्ही विचारत नाही, हीच आपल्या लोकांची खोड. दादा कित्येक वर्षे तिथे राहून ते दहाचे तिकीट जाणत नव्हता.

घरी पोचायला रात्र झाली. हिशेबाची वेळ आली तेव्हा दादा पैसे घेईना. मी माझे तिघींचे दिलेच. मग सांगलीच्या बाई उठल्या आणि पंचवीस डॉलर आईच्या हातावर ठेवले. “अहो, तुमच्यामुळे तर सगळ्यांचे वाचले,” वहिनी म्हणाल्या. पण बाई ऐकेनात, “नाही, मी माझ्या पैशांनी गेले पाहिजे.” आईने तो कागद मागवला, एकूण रकमेला आठांनी भागले, माणशी चोवीस डॉलर आणि वर काही सेंट निघाले. मग तिने आपला बटवा उघडला आणि उरलेली मोड मोजून त्यांच्या हातात परत दिली.